पडद्यावर गेलेले हात

माक तेहला एका जागी बसता येत नाही, आणि हे काही वयामुळे आलेलं नाही. ती पाय झाडतच जन्माला आली, असं तिची आई सांगायची. उजाडायच्या आत उठून बटाट्याचं सारण भरलेल्या करिपाप तळायच्या, कालव्याच्या पुलाजवळच्या टपरीवर पोचवायच्या, परत येताना दोन घरांत डोकावून कोणाकडे काय शिजतंय ते विचारायचं, आणि तिसऱ्या घरात न विचारताच झाकण उचलून "हळद जास्त झाली" असा निकाल द्यायचा, हा तिचा सकाळचा फेरा. कोणाला राग यायचा नाही असं नाही. पण हळद खरंच जास्त झालेली असायची, म्हणून लोक गप्प बसायचे.

तिचं खरं नाव कलथुम. लहानपणी रंगानं उजळ होती म्हणून घरात तेह, म्हणजे गोरी, म्हणायचे, आणि पुढं ती पारित केलादी या मलय खेड्यातल्या सगळ्यांची माक, म्हणजे आई, माक तेह झाली. आता तो उजळपणा उन्हात आणि चुलीपुढं कधीच जळून गेलाय. नवरा सिदेक पामच्या बागेत काम करायचा, अबोल माणूस, गेलाही तसाच न बोलता. मुलगी सुहैला जोहोर बाहरूला कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येते. उरला टीव्ही. आणि शेजारची जौयाह, म्हणजे याह, जी दिसायला शेजारीण असली तरी बहिणीपेक्षा जवळची आणि सवतीपेक्षा भांडखोर होती.

पण माक तेहचा खरा मान होता तो रेवांगमध्ये. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती मिळून स्वयंपाक करते ते रेवांग. शहरात लोक केटररला फोन करून मोकळे होतात. पारित केलादीत केटरर आला तर त्याला कालव्यात ढकलतील. पुरुष लाकडं फोडतात, मांस कापतात, बायका वाटणघाटण करतात. कोणी कुठं बसायचं हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. हात थरथरायला लागलेल्या म्हाताऱ्या आणि नखं रंगवलेल्या पोरी अंडी सजवायला बसतात. आणि जिच्यात रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, शिजतं त्या मोठ्या लोखंडी कढईपुढं उभी राहणारी बाई एकच, माक तेह. सिदेक वारला त्या वर्षीसुद्धा लोक थांबले होते, पण ती जागा दुसऱ्या कोणाला दिली नव्हती.

आता मालिकांचं सांगायला हवं. संध्याकाळी सातला मालिका लागते आणि मालिका रंगात येते न येते तोच मगरिबची बांग होते. हा घोटाळा ज्या कोणी टीव्हीवाल्यानं करून ठेवलाय त्याला अल्लाह बघून घेईल, असं इमामसाहेब मशिदीत वारंवार सांगतात. माक तेह आणि याह यांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. एकीनं आधी नमाज पढायची, तोवर दुसरीनं बघायचं, मग अदलाबदल. नमाज संपली की माक तेह त्या पांढऱ्या नमाजी कपड्यांतच बाहेर यायची.

"काय झालं गं?"

"काय होणार? थोबाडीत मारली."

"कोणी?"

"सासूनं. आणि नवरा बघत उभा. नुसता उभा!"

"हात झडो मेलीचा," माक तेह म्हणायची. नुकतीच दुआ मागून आलेली असल्यामुळे हा शाप जरा जास्तच लागेल असं तिला वाटायचं.

मालिकेतले मलय लोक फार वेगळे असत. ते सकाळी भाजलेला पाव खात आणि काचेच्या जगमधून संत्र्याचा रस घेत. घरातला प्रत्येक पुरुष एखाद्या कंपनीचा मालक असे, आणि कंपनी काय विकते हे शेवटपर्यंत कळत नसे. घराला जिना असेच, कारण गरोदर सुनेला ढकलायला जिना लागतो. तरी माक तेहला ती माणसं आपली वाटायची. तिनं बातू पाहातच्या बाजारातून तसाच काचेचा जग आणला, तेव्हा सुहैला हसली होती.

"माक, आपण संत्र्याचा रस कधी पितो?"

"पाहुणे आले तर?"

"पाहुणे म्हणजे माक याह. तिला चहात चार चमचे साखर लागते."

सुहैला स्वतः फोनवर कोरियातल्या मालिका बघायची, मधून तुर्कस्तानातल्या. माक तेहला ते खपायचं नाही. "तुझ्या त्या कोरियातल्या पोरी मोठ्या माणसाचा हात हातात घेऊन त्याला आदरानं नाक लावतात का गं? आपल्या त्या आपल्या. चांगल्या असोत, वाईट असोत, सून असो, सासू असो, आपल्यासारख्या बोलतात, आपल्यासारख्या रडतात." सुहैला म्हणायची, आपल्यासारखं कोण रडतं त्यात, आपल्याकडे रडताना नाक गळतं. पण माक तेहचं मत पक्कं होतं. जगाला आपण दिसावं, असं तिला मनापासून वाटे.

तर एके दिवशी जग तिच्या दारात आलं. दोन पांढऱ्या गाड्या, डझनभर माणसं, कॅमेरे, आणि शाझलीन नावाची एक चटपटीत मुलगी, हातात पाटी, तोंडात सारखं मावशी या अर्थी "माक चिक, माक चिक." क्वालालंपूरहून आले होते. नवी मालिका होती. नावात अश्रू होतेच.

"माक चिक, असलं घर आम्ही कुठं कुठं शोधलं! जमिनीपासून उंच, लाकडी, अगदी ओरिजिनल. फक्त थोडं आणखी ओरिजिनल करावं लागेल."

म्हणजे काय, ते दुपारपर्यंत कळलं. फ्रिज बाहेर गेला. धुण्याचं मशीन बाहेर गेलं. लेसच्या झालरीचा सोफा, प्लास्टिकची फुलं, मक्केच्या चित्राचं मोठं घड्याळ, सुहैलाचा पदवीचा फोटो, सगळं नारळाखाली ताडपत्रीवर जाऊन बसलं. घरात रॉकेलचे दिवे आले, छताला वाळलेल्या मुळ्या टांगल्या गेल्या. माक तेहनं फडकं घेऊन खिडकी पुसायला सुरुवात केली तर शाझलीन धावत आली.

"नको नको, धूळ राहू दे! धूळच हवी आहे."

"अगं, पण हे तुर्कस्तानात दिसणार म्हणालीस ना? तुर्क काय म्हणतील, ही बाई घर पुसत नाही?"

"बाहेरच्या लोकांना असंच आवडतं, माक चिक. गाव म्हटलं की त्यांना असं दिसायला पाहिजे."

"गोष्ट कसली आहे पण?"

"आईच्या मायेची," शाझलीन म्हणाली. खोटं नव्हतं ते. त्या मालिकेत एक आई होती. ती शहरातल्या घरात होती, एवढंच.

माक तेहनं सगळ्यांना चहा केला, करिपाप खिलवल्या, आणि कोपऱ्यातली एक खिडकी कोणाचं लक्ष नसताना पुसून टाकली. तिसऱ्या प्रहरी पाट्यावर वाटण वाटायचा प्रसंग होता. नटीची नखं एवढी लांब की वरवंटा धरता येईना. मिरच्या उडाल्या, नटी शिंकली, टोपीवाला दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. शेवटी शाझलीननं विचारलं, "माक चिक, जरा तुमचे हात देता?"

हात! माक तेहला आकाश ठेंगणं झालं. तिच्या मनगटात नटीच्या बांगड्या चढवल्या, नटीच्या काळ्या झग्याची बाही ओढून घेतली, कॅमेरा पार पाट्याशी टेकवला. पाट्यावर सुक्या मिरच्या होत्या, थोडं आलं, आणि काही तपकिरी मुळ्या. मसालाच दिसत होता. तिनं असं वाटण वाटलं की दिग्दर्शकही उठून उभा राहिला. उजव्या हाताची तिची करंगळी वाकडी आहे. लहानपणी नारळ खवताना अडकून मोडली आणि तशीच जुळली. "ती लपवू का?" तिनं विचारलं. "नाही," दिग्दर्शक म्हणाला, "तीच तर मजा आहे."

पुढं कित्येक दिवस पारित केलादीला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. चेहरा नाही, फक्त हात, असं लोक चिडवायचे, पण तिला काही फरक पडायचा नाही. चेहरे सगळ्यांचेच येतात, ती म्हणायची, हात कोणाचे आले आजवर? ज्या संध्याकाळी तो भाग लागायचा होता त्या संध्याकाळी तिनं आख्ख्या आळीला बोलावलं. चटया अंथरल्या, दोन पराती भरून करिपाप तळल्या, आणि काचेच्या जगमध्ये पहिल्यांदा संत्र्याचा रस भरला.

नमाज आटोपून बायका जमल्या. घर दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग लक्षात आलं की घराभोवती धुकं आहे आणि कुत्री रडतायत. पारित केलादीत धुकं कोणी पाहिलेलं नव्हतं. मग ती नटी आली, काळ्या झग्यात, डोळे तांबारलेले, आणि कोणाचं तरी नाव घेऊन पुटपुटायला लागली. मग हात आले.

"माझे! माझे बघा!" माक तेह ओरडली. "करंगळी बघ याह, करंगळी!"

कॅमेरा खाली सरकला. पाट्यावर मिरच्या नव्हत्या. बारीक काच होती, केसांचा गुंता होता, काहीतरी काळं, ओलं होतं, आणि ती वाकडी करंगळी सराईतपणे ते सगळं वरवंट्याखाली ओढत होती. पुढच्या क्षणी ते कालवणात पडलं. माक तेहचंच पातेलं, कडेचा टवका उडालेलं. शहरातल्या गरीब बिचाऱ्या सुनेनं ते खाल्लं आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर रक्त ओकली.

अन्नातून केलेल्या करणीचं नाव आमच्याकडे मोठ्यानं घेत नाहीत. खोलीतही कोणी घेतलं नाही. जाहिराती लागल्या. कोणीतरी उगाच हसलं. "हात छान आलेत हं," टपरीवाली म्हणाली. तिच्या हातात अर्धी खाल्लेली करिपाप होती. ती तिला टाकताही येईना आणि गिळताही येईना. शेवटी तिनं ती कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, घरी नातवाला नेते म्हणून. दोन परातींमधली एक तशीच राहिली. काचेच्या जगमधला रस कोणी घेतलाच नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सांगायला हवं की त्या गोष्टीवर विश्वास कोणाचाच बसला नव्हता. पारित केलादीतले लोक वेडे नाहीत. माक तेहच्या हातचं खाऊनच त्यांची पोरं मोठी झाली होती. भेटेल तो म्हणायचा, "माक तेह, अहो नाटक आहे, आम्हाला कळतं की!" आणि म्हणतानाच त्यांचे डोळे तिच्या बोटांकडे जायचे. नाटक आहे हे खरं, पण पोट आपलं असतं. टपरीवरच्या करिपाप दुपारी परत यायला लागल्या. पूर्वी वाटेत भेटणाऱ्या पोरी तिचा हात घेऊन त्याला नाक लावायच्या. आता बोटांच्या टोकांना टोक लावून "घाई आहे, माक तेह" म्हणत सटकायच्या.

तिचा जीव थाऱ्यावर राहिना. सकाळचा फेरा तिनं दुप्पट केला. घरोघरी वाटीभर कालवण घेऊन जायची, दारात उभी राहून समजावायची की बाई, मिरच्या होत्या, नुसत्या मिरच्या, काच त्यांनी मागाहून घातली. जितकं समजावी तितक्या बायका जास्त गोड बोलत. वाटी घेत, हसत, आणि दुसऱ्या दिवशी ती वाटी धुऊन पुसून इतकी चकचकीत परत येई की खाल्लं की ओतलं ते कळायचं नाही. कळायचंच खरं तर. कोंबड्या कुंपणापाशी जाऊन काय टिपत होत्या ते तिला दिसत होतं.

तिनं शाझलीनला फोन केला.

"माक चिक! अभिनंदन!" ती पलीकडून ओरडली. "तुमचे हात सगळीकडे फिरतायत. इंडोनेशियात लोक चित्रं काढतायत त्यांची!"

"पोरी, मला काचेचं सांगितलं नाहीस."

"पण काच तुम्ही कुठं वाटलीत? ती दुसऱ्या दिवशी स्टुडिओत घेऊन तुमच्या हातांखाली जोडली. आणि लोकांना कळतं हो, ड्रामा आहे."

"तुझ्या लोकांना कळत असेल. माझे लोक जेवेनात."

 मग शाझलीन म्हणाली की पुढच्या मालिकेतही हात लागतील, विचार करून ठेवा. माक तेहनं फोन उशीखाली ठेवला, पुन्हा वाजला तर ऐकू येऊ नये म्हणून. तिला राग शाझलीनचा नव्हता आला. तिला लाज वाटत होती. मालिकेतली माणसं आपली, असं आयुष्यभर म्हणत आली ती, आणि त्या आपल्या माणसांनी आपल्याला बघितलं तर काय दिसलं? धुकं, मुळ्या आणि विष. आणि आता तुर्कस्तानातली कोणी बाई मुलीला सांगत असेल, बघ गं, मलय खेड्यातल्या बाया अशा असतात.

याह मात्र रोज संध्याकाळी येत राहिली. फक्त येताना थर्मास आणायला लागली.

"हे काय?"

"घरचा चहा. साखरेची सवय पडलीय ना मला माझ्या."

"माझ्या घरात साखर नाही?"

"असेल की," म्हणून याह टीव्हीकडे बघत बसली. त्या दिवशी दोघींनीही नमाजेच्या वेळी पाळी बदलली नाही. दोघी एकदम उठल्या, दोन कोपऱ्यांत उभ्या राहिल्या, आणि मालिका कोणीच बघितली नाही.

अशातच याहच्या इज्जातीचं लग्न आलं. याहची धाकटी लेक. तिच्या जन्माच्या वेळी याहला पहिलं सूप पाजलं होतं ते माक तेहनं. रेवांगचं आमंत्रण चिठ्ठीनं देत नाहीत, फोनवर तर नाहीच. घरची बाई दारोदार जाऊन सांगते. याह सगळ्या आळीत फिरली आणि माक तेहकडे सर्वांत शेवटी आली. आत न येता पायरीवरच बसली.

"शनिवारी ये हं, तेह."

"येईन म्हणजे काय! मांस किती सांगितलंस? नारळ कोणाचे?"

याहनं चप्पल पायानं सरळ केली. "तुझे गुडघे दुखतात ना हल्ली. म्हटलं, यंदा अंड्यांकडे बस. सावलीत. पोरींना जरा बघायला कोणीतरी मोठं माणूस पाहिजेच."

माक तेहला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"अंडी?"

"कढईला हलिजा येतेय. माझी नणंद. मुआरहून."

"हलिजा? तिच्या रेंदांगमध्ये मांस पोहतं! याह, तोंडावर सांग ना. मी काय तुझ्या व्याह्यांना विष घालणार आहे?"

"मी म्हटलं का तसं? लोक…"

"लोक कोण? नावं सांग. लोक म्हणजे तूच आहेस, थर्मास घेऊन येणारी!"

आता याहही चिडली. उभी राहिली. "आणि तू गं? बातू पाहातला ते दुकान उघडायला ती सासूचं काम करणारी नटी आली होती, तिला तू दंडाला चिमटा काढलास ना? काळानिळा पडेपर्यंत? बिचारी सगळ्यांसमोर रडली. तेव्हा तुला नव्हतं का कळत नाटक आहे ते? घरी येऊन मला सांगितलंस, हात शिवशिवत होते म्हणून!"

 चिमटा माक तेहनं काढला होता. आणि तेव्हाही तिला पक्कं ठाऊक होतं की ते नाटक आहे.

शुक्रवारभर ती जाणार नव्हती. शनिवारी उजाडताच सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार होती. घरात थांबली असती तर लोक म्हणाले असते, बघा, मनात काहीतरी असणारच. गेली असती तर अंडी. दोन्हींत अंडी बरी, असं म्हणत ती निघाली, वाटेत दोनदा परत फिरली, आणि तिसऱ्यांदा याहच्या अंगणात शिरली.

मांडव पडला होता. चुली पेटल्या होत्या. ती पोरींमध्ये बसली आणि उकडलेलं एकेक अंडं जाळीच्या कापडात बांधून त्यावर कागदी फूल चिकटवू लागली. पोरी तिच्या हातांकडे चोरून बघत होत्या. एकीनं तर फोन काढला, फोटो घ्यायला की काय, आणि दुसरीनं तिला कोपर मारलं. माक तेहचं लक्ष फुलांवर नव्हतंच. कान, नाक, सगळं कढईकडे लागलेलं. आता कांदा गेला. आता आल्यासारखं ते गलंगल गेलं, उशिरा गेलं. नारळाचं दूध आटतंय, ढवळणारे पुरुष मंद पडलेत, ओरडायला हवं कोणीतरी त्यांना. तिचं एक फूल उलटं चिकटलं. ती उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. आयुष्यात तिला इतकं उपरं कधी वाटलं नव्हतं. सिदेक गेला तेव्हाही नाही. तेव्हा निदान सगळे तिच्या हातचं मागत होते.

दुपार कलली तशी कढईपाशी कुजबुज सुरू झाली. रेंदांगनं रंग धरला होता, पण शेवटचं मीठ घालायची हलिजाची छाती होईना. ती एकदा चाखे आणि "बरंय" म्हणे, पुन्हा चाखे आणि "कोण जाणे" म्हणे. चार बायकांनी चाखून चार मतं दिली. उद्या हजार माणूस जेवणार. याहला बोलावलं. याह पाहुण्यांच्या उशा, बिछाने, नवऱ्यामुलीचे कपडे यांत पार चक्रावलेली. ती घाम पुसत आली, कढईत डोकावली, आणि मागं न बघता, तीस वर्षं जशी हाक मारत आली तशीच हाक मारून बसली.

"तेह! बघ गं जरा हे!"

मग तिनं जीभ चावली. मांडवात लाकडं फोडायचा आवाजही थांबला.

माक तेह उठली. मांडीवरची कागदी फुलं खाली सांडली. ती कढईपाशी गेली, हलिजाच्या हातून उलथनं घेतलं, थेंबभर आपल्या तळहातावर घेऊन चाटलं, आणि कोणाला काही कळायच्या आत बरणीत हात घालून मूठभर मीठ कढईत टाकलं. विचार करून टाकलं नव्हतं. हात गेला आणि टाकलं. सगळ्या मांडवाचे डोळे त्या मुठीबरोबर बरणीपासून कढईपर्यंत गेले. तिला ते डोळे पाठीवर टोचले. ढवळणाऱ्या पुरुषांकडे बघून ती खेकसली, "बघताय काय? ढवळा!" ते ढवळू लागले.

मग तिनं उलथन्याच्या टोकावर पुन्हा थोडं घेतलं, फुंकर मारली आणि याहसमोर धरलं.

"हात कर पुढं."

याह तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं हात पुढं केला, आणि गरम रस त्यावर पडताच तिचे ओठ हलू लागले. माक तेह अगदी जवळ उभी होती. तिला शब्द ऐकू आले. संशयाच्या घरी खायची वेळ आली तर खाण्याआधी म्हणायची ती कुराणातली आयत याह म्हणत होती, तीनदा, डोळे मिटून. माक तेहला असा राग आला की उलथनं फेकून घरी जावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की एवढी भ्यालेली असूनसुद्धा याहनं हात मागं घेतला नव्हता. तिसऱ्यांदा म्हणून झालं, आणि याहनं तळहात तोंडाशी नेऊन चाटून पुसून साफ केला.

 याहनं डोळे उघडले, गिळलं, ओठ पुसले.

"अजून जरासं लागेल," ती म्हणाली.

माक तेहनं बरणीत हात घातला. चिमूट घेतली, पण कढईवर नेली नाही. हात उलटा करून तळवा उघडला, याहला दाखवला, हलिजाला दाखवला, मग मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, नुसतं पांढरं मीठ आणि ती वाकडी करंगळी. सगळ्यांनी बघितलं. मग तिनं ते मीठ कढईत टाकलं.